ओसरीवरील गोष्टी : पंक्ति कोठें संपते?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका मंगलकार्याच्या निमित्तानें पन्नासएक पानें झालीं. आमच्या वडील बंधूंचें बिऱ्हाड भाड्याची मोठी मोटार करून घाटावरून आलें होतें. पानें वाढून झालीं, उदबत्त्या लागल्या, मंडळी हातावर पाणी घेणार इतक्यांत बंधूंची नऊ वर्षांची नात मोठ्यानें म्हणाली, "आजोबा, ज्या काकांनीं आपल्याला घाटांतून सांभाळून आणलें, त्यांचें पान कोणतें?"

पंक्तींत क्षणभर कोणीच बोललें नाहीं. सूनबाईंनीं लगबगीनें आणखी एक पाट मांडला, मोटारीवरचा ड्रायव्हर संकोचत येऊन बसला, आणि पुढें भोजन यथास्थित पार पडलें. प्रसंग तेवढ्यावर मिटला. परंतु त्या मुलीचा प्रश्न आमच्या मनांतून कांहीं केल्या जाईना. पानें मोजणारे आम्ही, मांडणारे आम्ही, आणि तरीही एक माणूस मोजण्यांतून सुटला. त्याला कोणीं मुद्दाम वगळलें नव्हतें. तो कोणाच्या ध्यानींच आला नव्हता, आणि विचार करूं लागल्यावर हीच गोष्ट आम्हांस अधिक टोचूं लागली.

त्या रात्रीं ओसरीवर पडल्या पडल्या आम्हांस अमेरिकेंतील एका रेल्वे-मजुराची आठवण झाली. त्याचें नांव युजीन व्हिक्टर डेब्स. आपल्या संघाची पंक्ति कोठवर मांडावी, ह्या एकाच प्रश्नापायीं त्याच्या आयुष्याला अनेक वळणें मिळालीं. त्याचें चरित्र वाचकांस सांगावें, व शेवटीं आमच्या हातून घडलेली एक चूकही कबूल करावी, असा ह्या वेळचा संकल्प आहे.

डेब्सचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ रोजीं इंडियाना संस्थानांतील टेरे हॉट ह्या गांवीं झाला. आईबाप फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतून तेथें जाऊन राहिलेले. बापाचें वाणसामानाचें दुकान. दुकान चालविणाऱ्या ह्या गृहस्थास वाचनाचा मोठा नाद होता. युजीन स्यू व व्हिक्टर ह्यूगो ह्या दोन फ्रेंच ग्रंथकारांचीं नांवें जोडून त्यानें मुलाचें नांव ठेविलें. दीनदुबळ्यांच्या कथा लिहिणाऱ्या लेखकांचीं नांवें धारण करून मुलगा वाढला, आणि पुढें तीं नांवें त्यानें सार्थ केलीं.

वयाच्या चौदाव्या वर्षीं शाळा सोडून तो गांवच्या रेल्वेच्या कारखान्यांत लागला. इंजिनांवरचें वंगण व जुना रंग खरवडून काढावयाचा, आणि त्याबद्दल रोजचे ५० सेंट, म्हणजे अर्धा डॉलर, घ्यावयाचा, असें त्याचें काम होतें. १८७१ च्या डिसेंबरांत एके रात्रीं ठरलेला फायरमन दारूच्या धुंदींत कामावर आला नाहीं, तेव्हां ह्या सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या जागीं इंजिनावर चढविलें. येथून तो खरा रेल्वेवाला झाला.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतों त्यास अमेरिकेंत 'इंजिनियर' म्हणतात. वाफेच्या काळांत हा इंजिनियर म्हणजे रेल्वे-मजुरांतला सरदारच. त्याच्या शेजारीं उभा राहून भट्टींत फावड्यानें कोळसा लोटणारा, पाण्याची पातळी व वाफेचा दाब संभाळणारा तो फायरमन. वर्षानुवर्षें असा घाम गाळावा तेव्हां कोठें फायरमनास इंजिनियराची जागा मिळे. त्यांच्या खालीं ब्रेकवाले. धांवत्या मालगाडीच्या टपावरून ह्या डब्यावरून त्या डब्यावर जाऊन हातानें ब्रेक आवळणें हें त्यांचें काम; पाऊस असो कीं बर्फ असो. डबे जोडतांना दोहोंच्या मध्यें उभें राहून हातानें खीळ बसवावी लागे. त्यांत बोटें जात, हात जात, कधीं माणूसच जाई. हवेचा ब्रेक १८६९ च्या सुमारास निघाला होता. परंतु तो ब्रेक व आपोआप जुळणारे आंकडे बसविण्याची कंपन्यांवर सक्ति करणारा कायदा व्हावयास १८९३ साल उजाडावें लागलें. ह्या सर्वांच्या खालीं रूळ ठोकणारे व सांधे संभाळणारे. आणि सर्वांच्या शेवटीं गोऱ्या उतारूंचीं अंथरुणें घालणारे काळे सेवक.

ह्या उतरंडींतील प्रत्येक पायरीचा संघ निराळा होता. इंजिनियरांचा संघ १८६३ सालचा, गाडीवरील कंडक्टरांचा १८६८ चा, फायरमनांचा १८७३ चा, ब्रेकवाल्यांचा १८८३ चा. प्रत्येकाची सभा निराळी, निधि निराळा, आणि अभिमानही निराळा. आपल्या समाजांतील जातीपोटजातींची ज्यांस माहिती आहे, त्यांस ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१८७४ सालीं एक सोबती इंजिनाखालीं सांपडून मेला, तेव्हां आईच्या आग्रहास्तव डेब्सनें इंजिन सोडलें व तो एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे कारकून झाला. तथापि त्याचें मन लोहमार्गावरच राहिलें. पुढच्याच वर्षीं, १८७५ त, गांवांत फायरमनांच्या संघाची शाखा निघाली, तिच्या पहिल्या सभासदांत त्याचें नांव होतें. विमा कंपन्या अशा धोक्याचें काम करणाऱ्यांस जवळ करीत नसत. म्हणून मेलेल्या सोबत्याच्या विधवेला व पोरांना वर्गणींतून मदत करावयाची, हें त्या संघाचें मुख्य कार्य होतें. १८८० सालीं डेब्स त्या संघाचा मुख्य चिटणीस व खजिनदार झाला, आणि संघाच्या मासिकाचें संपादनही त्याच्याकडे आलें. मध्यंतरीं तो नगराचा कारकुनी अधिकारी म्हणून निवडून आला, आणि संस्थानच्या विधिमंडळांतही एक मुदत बसला.

वाचकांस नवल वाटेल, परंतु ह्या काळांतील डेब्स संपाच्या विरुद्ध होता. दारू पिऊं नका, काम चोख करा, मालकांशीं सलोख्यानें बोला, म्हणजे न्याय मिळेल, असा उपदेश तो मासिकांतून करी. आम्हीं मास्तरकींत जन्म घालविला असल्यामुळें असल्या उपदेशाचा आम्हांस तिटकारा नाहीं. तो उपदेश खोटाही नव्हता. तो अपुरा होता, हें डेब्सला अनुभवानें कळलें.

१८८८ सालीं शिकागो, बर्लिंग्टन व क्विन्सी ह्या रेल्वेवर इंजिनियर व फायरमन संपावर गेले. त्याच सुमारास दुसऱ्या एका रेल्वेवर भिन्न संघाचे मजूर संपावर असतां इंजिनियरांनीं त्यांच्या जागा भरल्या होत्या. आतां त्या मजुरांपैकीं कित्येक सूड उगविल्याप्रमाणें बर्लिंग्टनच्या इंजिनांवर येऊन चढले. संप बुडाला. एकानें दुसऱ्याचें पान उचलावें, दुसऱ्यानें पहिल्याचें, आणि मालकानें दोघांकडे पाहून हंसावें, असा तो प्रकार होता. डेब्सच्या मनानें त्यावरून एकच धडा घेतला. पायरीपायरीचे संघ जोंपर्यंत निराळे आहेत तोंपर्यंत कोणताही संघ खरा संघ नाहीं.

म्हणून १८९३ च्या जूनमध्यें शिकागो येथें त्यानें 'अमेरिकन रेल्वे युनियन' स्थापिली. इंजिनियरापासून रूळ ठोकणाऱ्यापर्यंत सर्वांना एकाच संघांत घ्यावयाचें, हा तिचा हेतु. फायरमनांच्या संघांतील चांगल्या पगाराची जागा त्यानें आपण होऊन सोडली. पुढच्याच वर्षीं, १८९४ च्या एप्रिलांत, 'ग्रेट नॉर्दर्न' रेल्वेनें मजुरी कापल्यावरून संप झाला, आणि १८ दिवसांत लवादानें मजुरांच्या बहुतेक मागण्या मान्य केल्या. त्या विजयानंतर डेब्स गाडीनें परत निघाला, तेव्हां रुळांच्या कडेला म्हातारे गँगमन एका हातांत फावडें व दुसऱ्या हातांत टोपी घेऊन निःशब्द उभे होते. आयुष्यांत आपल्याला मिळालेला सर्वांत मोठा मान हाच, असें तो पुढें सांगत असे. त्या म्हाताऱ्यांना त्यापूर्वीं कोणत्याच संघानें पंक्तीस बसविलें नव्हतें.

त्यानंतर दोनच महिन्यांनीं मोठा संग्राम उभा राहिला. जॉर्ज पुलमन ह्या कारखानदारानें शिकागोजवळ झोपण्याचे आलिशान डबे बांधण्याचा कारखाना काढला होता, व मजुरांसाठीं आपल्याच नांवाचें एक गांव वसविलें होतें. घरें त्याचीं, दुकानांच्या जागा त्याच्या, देऊळही त्याचेंच. १८९३ सालीं व्यापार मंदावला, तेव्हां त्यानें मजुरी सुमारें चौथाईनें उतरविली. मात्र घरभाडें एका पैशानेंही उतरविलें नाहीं. गाऱ्हाणें घेऊन गेलेल्या मजुरांपैकीं तिघांना कामावरून दूर केलें. ११ मे १८९४ रोजीं संप सुरू झाला. डेब्सला हा संप अवेळीं आहे असें वाटत होतें. परंतु मजुरांच्या घरचे हाल पाहिल्यावर त्याच्यानें मागें राहवलें नाहीं. २६ जूनपासून त्याच्या युनियनच्या लोकांनीं पुलमनचे डबे जोडण्याचें नाकारलें, आणि थोड्याच दिवसांत अर्ध्या देशाच्या गाड्या थांबल्या.

कंपन्यांचाही एक संघ होता, आणि त्यांत मात्र पायऱ्या नव्हत्या! शिकागोला येणाऱ्या २४ रेल्वे-कंपन्यांचे व्यवस्थापक एका विचारानें चालत. पुलमनचे डबे टपालाच्या गाड्यांना जोडलेले असत. त्यामुळें ते अडविले कीं सरकारी टपाल अडविल्याचा आरोप ठेवतां येई. २ जुलै रोजीं कोर्टानें मनाई हुकूम काढला, आणि मजुरांना संपाविषयीं तारेनें धीर देणें हाही गुन्हा ठरला. इलिनॉय संस्थानच्या गव्हर्नरांचा विरोध डावलून अध्यक्ष क्लीव्हलंड ह्यांनीं फौज पाठविली. दंगली झाल्या, गोळीबार झाला, माणसें मेलीं, डबे जळाले, आणि संप मोडला. हुकमाच्या अवज्ञेबद्दल डेब्सला सहा महिन्यांची कैद झाली. १८९५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती एकमतानें कायम केली. युनियन धुळीस मिळाली.

आतां जी गोष्ट सांगावयाची तिच्यासाठींच आम्हीं हें चरित्र हातीं घेतलें. ह्या संपापूर्वीं जूनमध्यें युनियनचें अधिवेशन भरलें, तेव्हां काळ्या मजुरांना सभासद करून घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. घ्यावें, असें डेब्सनें कळकळीनें सांगितलें. मतें मोजलीं, आणि थोडक्या मतांनीं ठराव पडला. सभासदत्व गोऱ्यांपुरतेंच राहिलें. पुलमनच्या ज्या डब्यांसाठीं हा सारा संग्राम, त्या डब्यांतून उतारूंची सेवा करणारे नोकर बहुतेक काळे होते. त्यांना संघानें दार लावून घेतलें. मग त्यांनीं संघासाठीं काय म्हणून उपाशी राहावें? सर्वांसाठीं म्हणून मांडलेली पंक्ति ऐन वेळीं एका पानापाशीं थांबली. डेब्सनें तें पान मांडण्याचा आग्रह धरला हें त्याचें भूषण. परंतु ज्या फायरमनांच्या संघांत त्यानें उमेदीचीं वर्षें घालविलीं तोही गोऱ्यांपुरताच होता, हेंही सांगितलें पाहिजे. माणसाची दृष्टि एकदम विस्तारत नाहीं. एकेक पान ओळखीत ती पुढें सरकते.

तुरुंगांत डेब्सनें पुष्कळ वाचन केलें, आणि हळूहळू तो समाजवादी बनला. १९००, १९०४, १९०८, १९१२ व १९२० अशा पांच वेळां तो अध्यक्षपदासाठीं उभा राहिला. निवडून येणें शक्य नव्हतें, हें त्यासही ठाऊक होतें. तथापि १९१२ सालीं सुमारें ९ लाख, म्हणजे शेंकडा ६, मतें त्यास पडलीं. त्याचे सर्वच विचार आम्हांस पटतात असें नाहीं, आणि वाचकांसही पटावे असा आमचा आग्रह नाहीं. परंतु विचार आणि आचार ह्यांत अंतर न ठेवणारा मनुष्य कोणत्याही पंथाचा असला तरी तो वंद्यच होय.

ह्याची कसोटी महायुद्धांत लागली. १६ जून १९१८ रोजीं ओहायोमधील कँटन येथें त्यानें युद्धाविरुद्ध भाषण केलें. आपल्यावर खटला होईल हें जाणूनच तो बोलला होता. खटला झाला, तेव्हां त्यानें एकही साक्षीदार उभा केला नाहीं. जें बोललों तें बोललों, असें सांगून ज्यूरीपुढें स्वतःच भाषण केलें. शिक्षा देण्यापूर्वीं न्यायाधीशानें विचारलें, तेव्हां त्यानें दया मागितली नाहीं. आपण पृथ्वीवरील अत्यंत हीन गणलेल्या माणसाहून तिळभरही श्रेष्ठ नाहीं, ही आपली जुनी श्रद्धा त्यानें त्या वेळीं पुन्हां सांगितली. शिक्षा १० वर्षांची झाली. तेव्हां त्याचें वय ६२ होतें. आमच्या वयाच्या वाचकांनीं क्षणभर डोळे मिटून विचार करावा: ह्या वयांत दहा वर्षांची शिक्षा म्हणजे काय?

ॲटलांटाच्या तुरुंगांत तो कैदी क्रमांक ९६५३ होता. तेथूनच त्यानें १९२० ची निवडणूक लढविली, आणि तुरुंगांतील ह्या उमेदवाराला ९ लाखांहून अधिक मतें मिळालीं. अध्यक्ष विल्सन ह्यांनीं क्षमा करण्याचें साफ नाकारलें. त्यांच्या नंतरचे अध्यक्ष हार्डिंग ह्यांनीं शिक्षा कमी केली, आणि १९२१ च्या नाताळच्या दिवशीं तो सुटला. तो फाटकाबाहेर पडला तेव्हां आंतील शेंकडों कैद्यांनीं त्याचा जयजयकार केला. त्यांत चोर होते, खुनीही असतील. त्यांच्या पंक्तीस बसून तो जेवला होता, हें ते विसरले नव्हते.

ह्या साऱ्या प्रवासांत त्याच्याहून नऊ वर्षांनीं लहान असलेला भाऊ थिओडोर चिटणीसाप्रमाणें त्याचीं कामें संभाळीत राहिला, आणि पत्नी केट हिनें टेरे हॉटचें घर राखलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्या दोघांचें मोल निराळें सांगावयास नको. पुढें डेब्सची प्रकृति सांवरली नाहीं. २० ऑक्टोबर १९२६ रोजीं शिकागोजवळच्या एका आरोग्यधामांत तो मरण पावला. टेरे हॉटच्या त्याच्या घराचें पुढें संग्रहालय झालें.

आणि तें राहिलेलें पान? डेब्सच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, १९२५ त, पुलमनच्या काळ्या सेवकांनीं ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांच्या नेतृत्वाखालीं स्वतःचा संघ काढला. १२ वर्षें झुंजल्यावर १९३७ सालीं कंपनीनें त्या संघाशीं करार केला. ज्यांना पंक्तींत घेतलें नाहीं त्यांनीं आपली चूल स्वतः पेटविली.

आतां आमची कबुली. आम्ही एका शाळेंत नोकरीस असतांना तेथें एक शिपाई होता. बावीस वर्षें त्यानें घंटा दिली, फळे पुसले, आजारी पडलेल्या मुलांस पाठुंगळीं घेऊन घरीं पोंचविलें. कांहीं किरकोळ कारण काढून त्यास कमी करण्यांत आलें. तो आमच्या शिक्षक-संघाकडे आला. सभा भरली. कित्येकांना वाईट वाटलें, आम्हांसही वाटलें. परंतु तो शिक्षक नव्हता. 'प्रस्तुत विषय संघाच्या कक्षेंत येत नसल्यामुळें त्यावर विचार करतां येत नाहीं,' असा ठराव संमत झाला. संस्कृत चांगलें म्हणून ठरावाची भाषा करण्याचें काम आमच्याकडे असे. तें वाक्य आमचें आहे. त्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

त्या शिपायानें आम्हांस दूषण दिलें नाहीं. जातांना त्यानें नेहमींप्रमाणें नमस्कार केला, आणि घंटेचा टोला खुंटीला नीट अडकवून तो गेला. दुसऱ्या दिवशीं घंटा झाली ती पांच मिनिटें उशिरा. पुढें त्याचें काय झालें ह्याची चौकशी आम्हीं केली नाहीं. केली असती तर 'कक्षा' हा शब्द पुन्हां लिहितांना आमचा हात थरथरला असता, हें मनांत कोठें तरी ठाऊक होतें, म्हणूनच केली नाहीं.

डेब्सला आपली चूक तेहतिसाव्या वर्षीं दिसली, आणि त्यानें चांगल्या पगाराची जागा सोडून ती सुधारली. आम्हांस आमची चूक सेवानिवृत्तीनंतर, नऊ वर्षांच्या मुलीनें विचारल्यावर दिसली. उशीर झाला हें खरें. तथापि परवां आम्हीं त्या शिपायाच्या गांवीं पत्र घातलें आहे. उत्तर येईल कीं नाहीं, घेणारा हयात आहे कीं नाहीं, हें ईश्वरास ठाऊक.

वाचकांपैकीं गृहिणींस एवढीच विनंति कीं, पुढच्या कार्यांत पानें मोजण्याचें काम घरांतील एखाद्या लहान मुलाकडे सोंपवून पाहावें. मुलांना पंक्ति कोठें संपते हें अजून शिकविलेलें नसतें.